स्वतंत्र व्हायचंय? दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणा

तुम्हाला स्वतंत्र व्हायचंय असं कानावर आलं. अभिनंदन. वय किती? 25 पूर्ण आहे ना? विचारायचं कारण असं की महाराष्ट्रात 18 व्या वर्षी मत देता येतं, 21 व्या वर्षी मुलाला बोहल्यावर चढता येतं, पण व्हिस्की प्यायची तर 25 लागतात. विधानसभेला उभं राहायलाही 25च. दोन्हींना सारखीच समज लागते असं कायद्याचं मत दिसतं. आणि पंचविशी गाठली म्हणून लगेच ग्लास उचलू नका. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्याप्रमाणे परमिट लागतं, आणि परमिट मिळतं ते आरोग्य जपण्यासाठी. बारमध्ये तुमच्या नावाने ते कोण फाडतं, याची चौकशी करू नये. रुग्णाने फार प्रश्न विचारू नयेत.

पण दारू ही फारच खालची पायरी झाली. खरं स्वातंत्र्य म्हणजे स्वतःची खोली. ब्रोकर पहिल्यांदा विचारेल, ‘बॅचलर की फॅमिली?’ इथे तत्त्वज्ञान काढू नका. मग आडनाव विचारेल. आडनाव कळलं की पुढचे बरेचसे प्रश्न तो मनातल्या मनातच सोडवतो, त्याचा तुम्हाला त्रास नाही. जन्म गिरगावातला, शाळा गिरगावातली, तरी सुकट कुठल्या इमारतीत भाजायची हे त्यालाच विचारून घ्या. तुम्ही राज्यघटनेचं कलम 19 दाखवाल. देशात कुठेही राहायचं, स्थायिक व्हायचं स्वातंत्र्य त्यात आहे, मान्य. पण ‘देशात’ म्हटलंय. ‘बी विंगमध्ये’ असं कुठे म्हटलंय?

जागा मिळाली की अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन आणि कमिटीसमोर मुलाखत. आता, आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, वाचलीत तर दिसेल की फ्लॅट भाड्याने द्यायला मालकाला सोसायटीची परवानगी लागत नाही, नुसतं कळवलं तरी चालतं. हे ज्ञान स्वतःपाशी ठेवा. सेक्रेटरींना ऐकवलंत तर उपविधी तुमचे आणि पाण्याची मोटर त्यांची. मुलाखतीत ‘जी काका’ म्हणा. रात्री उशिरा येणार का? नाही काका. मित्र येणार का? मला मित्रच नाहीत काका. मैत्रिणी? इथे नुसतं ओशाळं हसा, काकांनाही बरं वाटतं.

2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊच्या नऊ जणांनी! आमच्याकडे लिफ्टच्या रंगावर तिघांचं एकमत होत नाही. मात्र त्या निकालाची प्रत अजून गेटपर्यंत पोचलेली नाही. गेटवर वही आहे. नाव, मोबाईल, कुठून आलात, कोणाकडे, कशासाठी, वेळ, सही. ‘कशासाठी’ या रकान्यात सगळे ‘पर्सनल’ लिहितात.

मुलगी असाल तर आणखी एक रकाना असतो, तो छापलेला नसतो. रात्री साडेअकराला रिक्षातून उतरलात की तो वॉचमनच्या भुवईत दिसतो. सकाळी सात वाजेपर्यंत ती भुवई दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचलेली असते आणि दुपारपर्यंत तुमच्या घरमालकाला पुण्याला फोन गेलेला असतो. काकू वाईट नाहीत. त्या जिन्यात भेटतील, डब्यात थालीपीठ देतील आणि म्हणतील, ‘बाळा, आम्हाला काही नाही गं, पण लोक बोलतात.’ ते लोक कोण हे विचारायचं नाही, थालीपीठ परत जाईल. आणि हे सगळं तुमच्या काळजीपोटी आहे, हे ध्यानात ठेवा. पोलिसांविरुद्ध कोर्टात जाता येतं, सरकारविरुद्ध जाता येतं, काळजीविरुद्ध अपील कुठे करणार? तुमच्या पाठीमागच्या फ्लॅटमधला मुलगा रोज पहाटे दोनला येतो, ते वेगळं. तो आयटीत आहे.

याउलट चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार फास्टमध्ये माणसाला फार मोकळं वाटतं, असं काही जण सांगतात. डब्यात कोणी नाव विचारत नाही, बायका भाजी निवडतात, कोणी फोनवर भांडतं, कोणी डोळे पुसतं, कोणी वर बघत नाही. मला हे लक्षण बरं वाटत नाही. ज्या ठिकाणी श्वास घ्यायला जागा नाही तिथे मोकळं वाटत असेल, तर घरी काय चाललंय याचा विचार करावा लागेल, आणि तो आपल्याला करायचा नाहीये. स्टेशन आलं की उतरा.

प्रेमाचं म्हणाल तर समुद्र आहेच. मरीन ड्राइव्हवर शहराकडे पाठ करून बसायची पद्धत आहे, तीच पाळा. खडकांवर, बागांत जपून. बोरिवलीत 2021 मध्ये एका सोसायटीसमोर भर रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं रंगवलं होतं. नो पार्किंग कोणी पाळत नाही, निदान हे तरी पाळावं अशी आशा असणार. खोलीची कडी लावून बसू म्हणाल, तर 2015 च्या ऑगस्टमध्ये मढ आणि अक्साच्या हॉटेलांवर धाड पडली होती. सज्ञान जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढलं आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केलं म्हणून दंड लावला. महिना कोणता होता, हे पुन्हा एकदा वाचा.

त्यापेक्षा लग्नच करा. जात-धर्म वेगळे असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा खास तुमच्यासाठी आहे. गुपचूप उरकायचंय? अवश्य. आधी अधिकाऱ्याकडे नोटीस द्या, ती फलकावर लागेल, 30 दिवस लोकांना वाचता येईल, कोणालाही हरकत घेता येईल. हरकतीची कारणं कायद्यात मोजकीच आहेत, वय, आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं नातं, असली. मावशीच्या पोटात दुखतं हे त्यात नाही. पण मावशीला फलकापर्यंत जायला कायद्याने कुठे अडवलंय?

इतिहासाचा आधार हवा असेल तर आगरकर घ्या. व्यक्तीने काय खावं, काय नेसावं, कोणाशी लग्न करावं, यात समाजाने किती नाक खुपसावं यावर त्यांनी आयुष्य जाळलं. 1882 मध्ये ते आणि टिळक मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. दोन तरुण, एकच गुन्हा, आणि सोसायटीची एनओसी नाही. पुढे दोघांचं बिनसलं. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा तो वाद. मुंबईने तो केव्हाच मिटवलाय. आधी पार्किंग.

एवढं वाचून संताप आला असेल तर निषेध करा, लोकशाही आहे. निषेधासाठी आझाद मैदान नावाची जागा आहे. परवानगी काढावी लागते आणि वेळेत घरी जावं लागतं.

तेव्हा मुद्द्याचं सांगतो. परवानग्या मागत फिरण्यात तारुण्य घालवू नका, ती देणाऱ्यांत सामील व्हा. त्यासाठी सभासद व्हावं लागतं, भाडेकरूला कमिटीत जागा नाही. म्हणून फ्लॅट घ्या. कर्ज वीस वर्षांचं घ्या. नोकरी सोडण्याचं, बॉसला तोंडावर बोलण्याचं आणि आजारी पडण्याचं स्वातंत्र्य तेवढा काळ बँकेकडे ठेवायचं असतं, हप्ते फिटले की परत मिळतं. मग निवडणुकीचा फॉर्म भरा. बिनविरोध याल, दुसरं कोणी उभंच राहत नाही. मुदत पाच वर्षांची.

पहिल्या सभेत गच्चीची चावी ताब्यात घ्या. कोणी मागितली तर ‘कशासाठी?’ असं विचारा. त्या एका शब्दाची चव तुम्हाला आवडेल. 504 मधल्या दोन मुलींबद्दल तुमच्या काहीच तक्रारी नाहीत, तुम्हीही त्यांच्यासारख्याच एका मुलीचे बाप आहात, पण लोक बोलतात, हे त्यांच्या मालकाला कळवा. फोन सकाळीच करा, आवाजात काळजी राहते. आणि 15 ऑगस्टचं झेंडावंदन साडेआठला आहे, नंतर बटाटावडा आणि चहा. भाडेकरूंना वडा द्यायचा की नुसता चहा, हा विषय मागच्या सभेत तहकूब झालाय. तेवढा निकाली काढा.