फायली हलायला सात वर्षं

रविवारी दुपारी मोबाईलवर रेसिपी शोधत होते. मध्येच व्हिडिओ आला, नव्वदच्या दशकात आईबरोबर पोरं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींचा. फोटोभोवती लाल गोल, मागे भुताच्या सिनेमासारखं म्युझिक, बघणारे लाखांत. आई शेजारी मटार सोलत बसली होती. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "अंजना, रेणुका, सीमा. तिघींची नावं अजून पाठ हाईत बघ. त्यांनी मारलेल्या एका पोराचं नाव सांग की."

मला सांगता आलं नाही. मी कोल्हापूरची, ९६ साली सातवीत होते, तरीही नाही.

ते दिवस मात्र चांगले आठवतात. महाद्वार रोडला भाजी घ्यायला जाताना आई माझा हात नाही, मनगट धरायची, कारण हात निसटतो. एस.टी. स्टँडवर कडेवर पोर घेतलेली कळकट लुगड्यातली बाई दिसली की बायका आपली पोरं पदराखाली ओढायच्या. कुणालाच विचारावंसं वाटलं नाही की पोरं नक्की कुणाची गेली होती. ती गेली होती बरीचशी अशाच बायकांची.

पहिलं पोर कोल्हापुरातल्या एका भीक मागणाऱ्या बाईचं. वर्ष १९९०. अंजनाबाई आणि तिच्या लेकी रेणुका, सीमा गर्दीत पाकीट मारायच्या आणि सापडल्या की कडेवरचं पोर पुढे करायच्या, लेकुरवाळी बाई कशाला चोरी करेल! एकदा सीमा सापडली तेव्हा अंजनाबाईने ते लेकरू सरळ जमिनीवर आपटलं. रक्त बघून लोक हळहळले, पोराकडे धावले, सीमा सुटली. पुढे ते रडायचं थांबेना म्हणून त्याला मारूनच टाकलं. बाकीचं मी लिहीत नाही, व्हिडिओवाले लिहितात. मला त्या गर्दीची हळहळच जास्त टोचते. तिथे उभी असते तर मीही हळहळलेच असते, आणि पुढे चालू पडले असते.

१९९० ते १९९६. सहा वर्षं. पुणे, नाशिक, कल्याण, कोल्हापूर. एवढी वर्षं हे चाललं कसं, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. फुटपाथवरच्या बाईचं पोर हरवलं तर त्याचा कागदच होत नव्हता. या बायका अखेर सापडल्या त्या कुठल्या भीक मागणाऱ्या आईमुळे नाही. अंजनाबाईच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्या घरातली नऊ वर्षांची मुलगी नाहीशी झाली. तिच्या आईकडे संशय घ्यायला नाव होतं. बाकीच्या आयांकडे काय होतं?

मग कोर्ट. १३ मुलं पळवल्याचा आरोप, त्यातल्या ९ खुनांचा. अंजनाबाई खटला उभा राहायच्या आधीच तुरुंगात वारली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. २००१ ला कोल्हापूरच्या सेशन कोर्टाने सहा खुनांसाठी दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००४ ला हायकोर्टाने पाच खून धरून ती कायम केली, २००६ ला सुप्रीम कोर्टाने. नवाचे सहा, सहाचे पाच. कायद्याने पुरावा लागतो, मला कळतं ते. तरी त्या वजाबाकीत राहिलेल्या चार आयांना कुणी काय सांगितलं असेल?

यानंतरचं वाचून माझा संताप झाला. सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळेपर्यंत ७ वर्षं, १० महिने आणि १५ दिवस गेले. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. दयेच्या अर्जाला असा विनाकारण उशीर झाला तर फाशी रद्द होऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१४ मध्येच सांगितलं होतं. तेच झालं. १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टाने दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली. गुन्ह्याला कोर्टाने जराही कमी लेखलं नाही. ताशेरे ओढले ते सरकारी यंत्रणेवर: इतक्या गंभीर प्रकरणात नुसत्या फायली हलायला सात वर्षं लागावीत?

त्या दिवशी फेसबुकवर धुमाकूळ होता. फाशी द्या, चौकात द्या. मला स्वतःला फाशीचं प्रेम नाही, यावर माझं नि माझ्या नवऱ्याचं अजून भांडण होतं. पण फाशी हवी असो वा नको, ज्यांच्या टेबलावर ती फाईल पडून होती त्यांचं काय झालं, हे विचारणारी एकही कमेंट मला दिसली नाही. दोघी बहिणी "फाशी जाणाऱ्या पहिल्या महिला" ठरणार की नाही, याचीच चर्चा.

आणि आपली भीती कुठे उतरते तेही बघा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. म्हणजे यांचं पोर गेलं तर कुणी लिहून घेत नाही, आणि दुसऱ्याचं गेल्याची नुसती आवई उठली तरी मार यांनाच.

२०१३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं असं धरून एफआयआर घ्यायचाच. चांगलं झालं. आता माझ्या घरची गोष्ट ऐका. पाचेक वर्षांपूर्वी आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचा नऊ वर्षांचा नातू संध्याकाळी घरी आला नाही. आम्ही दोघी चौकीत गेलो. "येईल वो, मित्राकडं असंल. सकाळपर्यंत बघा." मी २०१३ चा निकाल सांगायला लागले तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे नाही. मग म्हणाले, फोटो द्या.

फोटो नव्हता. मोबाईल साधा बटणाचा, आधार कार्डावरचा फोटो तीन वर्षांचा असतानाचा, काळाकुट्ट. शर्ट कुठला होता? मावशींना आठवेना. निळा असेल. नाही, शाळेचा. त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगा की वो त्यास्नी. माझं कुठं ऐकत्यात."

पोरगं दुसऱ्या दिवशी मिरज स्टेशनवर सापडलं. बापाला भेटायला निघालं होतं म्हणे, सांगलीला.

आता मावशींकडे स्मार्टफोन आहे, हप्त्यावर घेतलेला. पोरगं तेरा-चौदाचं झालंय, मिसरूड फुटायला लागलीय, लाजतं. तरी रोज शाळेला निघताना त्या त्याला दारात उभा करतात आणि एक फोटो काढतात. त्या दिवशीचा शर्ट नीट दिसला पाहिजे म्हणून दप्तर बाजूला ठेवायला लावतात.