आधी कागद वाचा, मग ओटीपी द्या

आज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तेच पोस्टर. 'नोकरी सांभाळून मास्टर्स, पगार दुप्पट.' खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याच बिल्डिंगमधला मुलगा. बीसीएस (कॉम्प्युटर सायन्सची तीन वर्षांची पदवी) झालेला, हिंजवडीत टेस्टिंगला आहे, डेव्हलपमेंटला जायचंय. 'सीट आजच ब्लॉक करा, उद्या फी वाढतेय' असं फोनवर सांगून कोर्स विकणाऱ्या कंपनीने त्याच्याकडून ओटीपी घेतला. तो सगळ्यांना सांगतोय, मास्टर्स करतोय. कागदावर छापलंय 'एक्झिक्युटिव्ह पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट'. अहो, सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे!

आणि तो 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बहुतेक वेळा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीचं) कर्ज असतं. फी कंपनीला आधीच मिळालेली असते, तुमच्या खात्यावर ऑटो-डेबिट बसतं. कोर्स सोडला तरी हप्ता थांबत नाही. दोन हप्ते चुकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, गेला. कंपनी म्हणते एनबीएफसीला विचारा, एनबीएफसी म्हणते कंपनीला. आरबीआयच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफची (दंड न भरता कर्जातून बाहेर पडायची) मुदत असते, ती की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या पानावर, लिहिलेली असते. पण त्या मुदतीत बाहेर पडायचं तर मुद्दल परत करावं लागतं, आणि ते तर कंपनीकडे जाऊन बसलेलं! म्हणून हे पान सही करण्याआधी वाचायचं.

वाईट ह्याचं वाटतं की त्या मुलाला पदवीचा खरंच उपयोग झाला असता. 'बीई, बीटेक किंवा एमसीए' अशी चाळणी लावणाऱ्या एचआरकडे बीसीएसवाला मुलाखतीपर्यंत पोचतच नाही. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन एमसीए नेहमीच्या एमसीएच्या बरोबरीची आहे. फक्त डीईबीच्या (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या) साइटवर तीन गोष्टी जुळवून बघायच्या: विद्यापीठ, तोच कोर्स, तेच सत्र. एमबीएला परवानगी आहे म्हणून एमसीएलाही असेल असं धरू नका. 2024 पासून अशा प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन पदवी म्हणून विकतायत आणि आयडीचं नावच काढत नाहीत, तर फोन ठेवा. इंजिनिअरिंगची पदवी ऑनलाइन द्यायला तर यूजीसीची परवानगीच नाही, त्यामुळे कुठलंसं विद्यापीठ 'ऑनलाइन एमटेक' म्हणालं की तिथेच थांबा. (आयआयटींचा कायदा वेगळा, त्यांचे ई-मास्टर्स (ऑनलाइन मास्टर्स) गेट ह्या प्रवेश परीक्षेशिवाय मिळतात, पण फी लाखांत.)

बीई होऊन पाच-सहा वर्षं कोड लिहिणाऱ्याला मात्र आहे त्या कंपनीत ह्या कागदाने फार काही मिळत नाही. अप्रेझलला मॅनेजर डिग्री विचारत नाही, रिलीज विचारतो.

शिकायचं म्हणूनच करायचं असेल तर गोष्ट वेगळी, इथे मी जरा नमते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन एमएस 2014 पासून चालू आहे, दहा विषय, एकूण फी दहा हजार डॉलरच्या आत, आणि पदवीवर 'ऑनलाइन' लिहिलेलं नसतं. पण तिथे प्रवेश त्या मानाने सोपा, टिकणं कठीण. पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषयांत बी ग्रेड तरी हवा. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या विषयात सी भाषेत मल्टिथ्रेडेड (एकाच वेळी अनेकांना फाइल देणारा) फाइल सर्व्हर लिहायला लावतात. पहिला घोळ ठरलेला: समोरच्याने एका सेंडमध्ये (पाठवायच्या कॉलमध्ये) पाठवलेलं एका रिसीव्हमध्ये (घ्यायच्या कॉलमध्ये) मिळेल असं विद्यार्थी धरतात. टीसीपी, म्हणजे नेटवर्कवर डेटा पोचवायची पद्धत, हा बाइटचा सलग प्रवाह आहे, हेडर (फाइलच्या आधीची माहिती) अर्धवट येतो, उरलेलं पुढच्या कॉलला. लहान फाइलला चालतं, मोठीला फाटतं. घरी पास आणि ग्रेडरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामवर) नापास होतं ते बरेचदा ह्यामुळेच. हे एकदा हाताने दुरुस्त केलं की प्रॉडक्शनमधला, म्हणजे खऱ्या चालू सिस्टिमचा, लॉग वेगळा दिसायला लागतो. ह्यासाठी आठवड्याला पंधरा-वीस तास धरा.

अमेरिकेला जायचं स्वप्न असेल तर घरी बसून केलेल्या डिग्रीवर एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) नाही, म्हणून ओपीटीही (शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी) नाही. हे फोनवर कोणी सांगत नाही.

त्या मुलाला मी वेडा म्हणणार नाही. दिवसभर टेस्ट केस चालवून, वाकडच्या पुलावर तासभर अडकून घरी आलेल्या माणसाला कोणी गोड आवाजात 'सर, तुमचं करिअर' म्हणालं तर तो ऐकतोच. राग त्या आवाजाचा आहे.

ग्रुपवर विचारणाऱ्यांसाठी: जॉर्जिया टेकच्या बऱ्याच विषयांची लेक्चर्स फुकट बघता येतात. ऑपरेटिंग सिस्टिम्सची घ्या, तीन आठवडे रोज रात्री दोन तास बसा, छोटा सॉकेट सर्व्हर (नेटवर्कवरून डेटा घेणारा-देणारा प्रोग्राम) स्वतः लिहा. जमलं तर अर्ज करा, आणि प्रॉक्टर्ड (कॅमेऱ्याच्या देखरेखीखालची) परीक्षा गुरुवारी घेऊ नका, आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज त्याच दिवशी जाते, महावितरणचा भरवसा नाही. एमसीए हवी असेल तर डीईबीच्या पानाचा स्क्रीनशॉट इनबॉक्स करा, मी बघून सांगते. त्या मुलाचं की फॅक्ट स्टेटमेंट आज रात्री बघणार आहे, कूलिंग-ऑफ संपलं नसेल अशी आशा.