सर, तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. काल रात्री दुकान बंद करून घरी आलो तेव्हा तुमचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी तुम्हाला चाळीस मिनिटं उभं राहावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी. दिवाळीच्या आधीचा शनिवार म्हणजे नागपूरच्या इतवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, भांडेवाले, मूर्तीवाले, सगळ्यांना त्याच दिवशी बफ (चमकवायची कापडी चाकं) पाहिजे असतात, पण निदान एक स्टूल तरी द्यायला पाहिजे होता. ते चुकलंच.

पण सर तुम्ही लिहिलं की "पियानोच्या पट्ट्या चमकवायला मशीन मागितली तर पितळ घासायची गळ्यात मारली, चार पट्ट्या जळाल्या, एक हातातून उडाली, आता परत घेत नाहीत." गर्दीचं मान्य, उशिराचं मान्य, हे "गळ्यात मारली" मात्र काही केल्या पचून नाही राहिलं. त्या दिवशी काय बोलणं झालं ते लिहितो, कारण हे वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले आणि आमचं पोट याच्यावरच आहे.

तुम्ही आले तेव्हा पहिलं विचारलं, 1725 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 1725 फेरे घेणारी मशीन आहे का. मी नाही म्हटलं तर तुम्हाला वाटलं याला माहीतच नाही. सर, 1725 आणि 3450 हे आकडे अमेरिकेचे आहेत, तिकडे लाईट 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची, म्हणून तीच मोटर आपल्याकडे 1440 आणि 2850 च्या आसपास फिरते. मी तुम्हाला 1440 वाली अर्धा एचपीची बफिंग मोटर चालू करून दाखवली, सहा इंची बफ लावून, किंमत 7,900. तुम्ही म्हणाले हळू चालणारी मशीन महाग काहून? मी सांगितलं की त्या मोटरला आत जास्त पोल (चुंबकाची टोकं) लागतात, माल जास्त जातो, आणि तिचा शाफ्ट, म्हणजे बफ बसतो तो फिरणारा दांडा, दोन्ही बाजूंनी लांब असतो. पियानोची पट्टी म्हणजे फक्त वरचा पांढरा तुकडा नाही, त्याच्याखाली हातभर लाकडी दांडी असते. शाफ्ट आखूड असला की दांडी मोटरच्या बॉडीला आपटते, हात तिरपा होतो आणि पट्टीची कड बफमध्ये अडकते. तुमची पट्टी उडाली ती अशीच उडाली असणार. पट्टी नेहमी बफच्या मधोमध रेषेच्या खाली धरायची, आणि कड फिरणाऱ्या बफच्या तोंडावर द्यायचीच नाही, हे मी रिकाम्या हातानं करून दाखवलं होतं, आठवून पाहा.

मग तुम्हीच म्हणाले की पियानोचे पेडल पितळेचे आहेत, ते पण चमकवायचे आहेत, आणि तो कोपऱ्यातला आठ इंची ग्राइंडर दाखवा, 4,600 वाला, दगड काढून बफ लावून द्या. पेडलसाठी तो ठीकच आहे, म्हणून दिला. पण देताना मी बोललो होतो की पट्ट्या याच्यावर धरू नका. हिशेब साधा आहे, आठ इंची बफ 2850 वर फिरला की त्याची कड मिनिटाला 1800 मीटर धावते, सहा इंची 1440 वर फिरला तर 690 च्या जवळपास. अडीच पटीहून जास्त फरक आहे. पितळ तेवढी गरमी पिऊन घेते, प्लास्टिक नाही पिऊ शकत.

आणि सर, सगळ्यात जास्त वाईट मला पुढच्या गोष्टीचं वाटलं. तुम्ही रुमालात गुंडाळून एक पट्टी आणली होती, हस्तिदंताची आहे म्हणाले. हस्तिदंताची पट्टी बहुतेक दोन तुकड्यांत असते, पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग जिथे भेटतात तिथे बारीक जोड दिसतो. तुमची अख्खी एका तुकड्याची होती, आणि तिच्यावरच्या रेषा फुटपट्टीने मारल्यासारख्या सरळ. मी अंगठ्याने जोरात घासून वास घेतला, कापराचा वास आला, तुम्हाला पण दिला. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, त्यात कापूर असतो म्हणून तो वास. जुन्या सिनेमाच्या रिळी ज्या भस्सकन पेटायच्या त्याच जातीचा माल आहे हा, त्याचा भुगासुद्धा पेट घेतो. मी म्हटलं सर याला कुठल्याच मशीनवर चढवू नका, माझी 7,900 वाली पण घेऊ नका, हाताने करा. दुकानदार स्वतःचा माल घेऊ नका म्हणतो तेव्हा त्याला काय मिळते? तुम्ही हसले आणि म्हणाले व्हिडिओत तर सगळे मशीनवरच करतात. त्यांच्या पट्ट्या ॲक्रिलिकच्या असतील सर, तिथेही ते हळू मशीन, शिलाई नसलेला मऊ बफ लावतात आणि एका जागी दोन सेकंद पण थांबत नाहीत.

हे दुकान माझ्या वडिलांनी टाकलं, आई अजूनही घरी बसून बफाला शिलाई मारते. लोहा ओळीत कोणालाही विचारा, आम्ही खोटं सांगून माल खपवतो का.

आता आमच्याकडून एक गोष्ट खरंच चुकली, ती तुमच्या फोटोत दिसली तेव्हा कळली. पोराने तुमच्या पिशवीत धातूचा ब्राऊन साबण (बफाला लावायचं पॉलिश) टाकला, पांढरा टाकायला पाहिजे होता, पेडलचा बफ वेगळा आणि बाकीचा वेगळा ठेवा हे पण त्याने नाही सांगितलं. पट्ट्यांवर जे तपकिरी डाग आहेत ते त्याचे असू शकतात. त्याला समज दिली आहे, आणि यापुढे मशीन देताना काहीतरी लिहून द्यायची सोय करतो, गर्दीत ते कसं जमेल ते पाहून.

वापरलेली मशीन मी पूर्ण पैशात परत नाही घेऊ शकत सर, लहान दुकान आहे. पण घेऊन या, काही ना काही मार्ग काढू. साबण बदलून देतो, त्याचे पैसे नाही घेणार.

आणि हे वाचत असाल तर प्लीज, 52 पांढऱ्या पट्ट्यांपैकी ज्या 48 जळाल्या नाहीत त्या मशीनला लावू नका. 1000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) किंचित ओला करून, मग 1500, मग 2000, लाकडाला पाणी लागू न देता, आणि शेवटी मऊ कपड्यावर प्लास्टिकचं पॉलिश. थिनर बिलकुल नाही, सेल्युलॉइड विरघळून जाईल. एका पट्टीला दहा-पंधरा मिनिटं जातील, पण पट्टी राहील. मंगळवारी दुपारी दोननंतर दुकानात गर्दी नसते, तेव्हा एक पट्टी घेऊन या, तुमच्यासमोर बसून करून दाखवतो. बिल नसलं तरी चालेल, मला चेहरा लक्षात आहे.