ठाणे खाडीतील रोहित आणि ऊर्जेचा प्रवास

अन्नसाखळीतील ऊर्जेवरचा लेख वाचला. गवत, टोळ, बेडूक, साप, घार ही साखळी घेऊन प्रत्येक पायरीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पुढे पोहोचते, हे त्यात नेमके समजावले आहे. मात्र हे सारे एकाच शेतात घडते असा समज त्यातून होतो, आणि प्राण्यांच्या स्थलांतराचा महत्त्वाचा भाग सुटतो.

ठाणे खाडीतील छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) हा पक्षी पाहावा. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात तो मान वाकवून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत सूक्ष्म शैवाल अडकते. मधली एकही पायरी नसल्यामुळेच त्याचे हजारोंचे थवे एका खाडीवर पोसले जातात. मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांना तेवढ्याच शैवालावर ते शक्य नाही, कारण मधल्या पायऱ्यांवर बरीच ऊर्जा संपते. पावसाळ्याच्या तोंडावर हे थवे गुजरातकडे निघतात, तेव्हा इथल्या उन्हावर वाढलेले शैवाल चरबीच्या रूपाने त्यांच्याबरोबर जाते. त्यातील बरीच ऊर्जा उड्डाणात उष्णता होऊन संपते, उरलेली विणीच्या कामी येते.

रोजच्या हालचालीचा हिशेबही मोठा आहे. भरतीत चिखल बुडाला की थवे नवी मुंबईतील नेरूळसारख्या जवळच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. या जागा बुजल्या, तर खाडीला अभयारण्याचा दर्जा असूनही त्यांना विसाव्यासाठी लांब उडावे लागते आणि प्रवासासाठी साठवायची चरबी तिथेच खर्च होते. लेखकांनी पुढील भागात याविषयी अवश्य लिहावे.