गल्ल्यावरचे वीस टक्के: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'दुकानांची क्रेडिट कार्डं घेऊ नका' या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेख उगाच घाबरवणारा आहे. तुम्ही बारा वर्षं अमेरिकेत चार-पाच दुकानांची कार्डं वापरताय, दर महिन्याला पूर्ण बिल भरताय, एक सेंटही व्याज दिलेलं नाही. दोष कार्डाचा नसून शिस्त नसलेल्यांचा आहे. गावात वाण्याकडे खातं असायचं, तसंच हे. आणि भारतातून नव्याने आलेल्या मुलांना दुसरं कार्ड मिळत नाही तेव्हा दुकानाचंच मिळतं, तो रस्ता मी बंद करतेय. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की गेल्याच महिन्यात १८ महिन्यांच्या बिनव्याजी योजनेवर गादी घेतलीत. त्या गादीकडे मी शेवटी येते.

एक गोष्ट आधीच मान्य करते. मी सगळी दुकानं एकाच माळेत ओवली, ते चुकलं. टार्गेट या मोठ्या दुकान-साखळीच्या कार्डावर दर खरेदीला ५ टक्के सूट मिळते, आणि महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. पण तीच सूट टार्गेटच्या डेबिट कार्डावरही मिळते, जे थेट तुमच्या बँक खात्यातून पैसे घेतं. सूट हवी आणि उधारी नको, अशी सोय दुकानाने ठरवलं तर होऊ शकते. मग बाकीची बहुतेक दुकानं ती का करत नाहीत, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आता शिस्तीबद्दल. तुमचं ते वाक्य मला लागलं, कारण मी बिनशिस्तीची बाई नाही. २०१९ मध्ये आम्ही न्यू जर्सीत घर घेतलं, तेव्हा एका फर्निचरच्या दुकानातून सोफा घेतला. पाटीवर किंमत २,४०० डॉलर. दुकानाचं कार्ड घेतलं तर १२ महिने व्याज नाही. मी तिथेच हिशोब केला, महिन्याला २०० डॉलर, आणि घरी आल्यावर बँकेतून तेवढे आपोआप जातील अशी सोय लावून टाकली. बारा महिन्यांत एकही हप्ता चुकला नाही, एकदाही उशीर झाला नाही.

चुकला तो सेल्स टॅक्स. न्यू जर्सीत कपड्यांवर तो नाही, फर्निचरवर आहे, ६.६२५ टक्के. सोफ्यावर १५९ डॉलर झाले आणि बिल २,५५९ चं बनलं. माझे २,४०० गेले, १५९ उरले. पुढच्या बिलात या १५९ डॉलरांच्या जोडीला व्याज लागून आलं चारशे डॉलरांहून जास्त.

उरलेल्या १५९ वर चारशे कसे, हे ग्राहक सेवेला फोन करून मी तीन वेळा विचारलं. उत्तर एवढंच, की हा 'डिफर्ड इंटरेस्ट' आहे. म्हणजे व्याज माफ नव्हतंच. पहिल्या दिवसापासून २९.९९ टक्क्यांनी ते मागे लिहून ठेवलं जात होतं. मुदतीच्या आत शेवटचा डॉलर फिटला असता तर ते पुसलं गेलं असतं. तो फिटला नाही, म्हणून वर्षभर जेवढी बाकी होती तेवढ्या बाकीवरचं, अगदी फेडून झालेल्या रकमेवरचंही, सगळं व्याज एका दिवसात अंगावर आलं. खऱ्या शून्य टक्क्यांच्या कार्डावर मला त्या महिन्यात १५९ डॉलरांवर साधारण चार डॉलर व्याज लागलं असतं. चार आणि चारशे यांतला फरक माझ्या शिस्तीत नव्हता, कराराच्या घडणीत होता.

आणि तो फरक एका छोट्या शब्दात लपलेला असतो. 'नो इंटरेस्ट इफ पेड इन फुल'. यातला 'इफ' दिसला की समजायचं, व्याज मागे साठतंय. नुसतं 'झिरो पर्सेंट एपीआर' (म्हणजे वार्षिक व्याजदर शून्य) असेल तर गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये सीएफपीबी या ग्राहकांच्या हितासाठीच्या सरकारी संस्थेने दुकानांची कार्डं चालवणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहून, ही पद्धत सोडून सरळ शून्य टक्के देण्याचा विचार करा, असं सुचवलं होतं. पद्धत अजून सुरूच आहे.

वाण्याचं उदाहरण तुम्ही मनापासून दिलं असणार, पण मला ते पटत नाही. आमच्या गावातल्या वाण्याकडेही खातं होतं, आणि 'आज रोख, उद्या उधार' ही पाटीही होती. पगार कधी होतो, कुणाकडे लग्न आहे, कुणाचं पीक गेलं, हे त्याला माहीत असायचं. उधार त्याचीच, बुडाली तर त्याचीच. इथे गल्ल्यावरच्या कार्डावर नाव दुकानाचं असलं तरी पैसे देणारी बँक वेगळीच असते. मेसीजमागे सिटी, टार्गेटमागे टीडी, लोज आणि सॅम्स क्लबमागे सिंक्रोनी. दुकानाला या धंद्यातला वाटा मिळतो, आणि तो किरकोळ नाही. मेसीजला २०२२ या आर्थिक वर्षात कार्डांमधून ८६ कोटी डॉलर मिळाले. म्हणून त्या गल्ल्यावर कपडे विकण्याइतकंच कार्ड विकणं महत्त्वाचं असतं. माझी मुलगी कॉलेजात असताना एका दुकानात काम करायची. मागच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता, कुणी आठवड्यात किती कार्डं काढून दिली याचा. एकोणीस वर्षांची पोर, रांगेतल्या थकलेल्या बाईला 'आज वीस टक्के सूट आहे' म्हणायची आणि व्याजदर विचारला तर तिला स्वतःलाच माहीत नसायचा. तिच्यावर रागावू नका. पण कर्जाचा निर्णय घ्यायची ती जागा नव्हे, मागे पाच माणसं उभी असताना तर नव्हेच.

तो दर किती असतो? सीएफपीबीच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार फक्त एकाच दुकानात चालणाऱ्या नव्या कार्डांचा सरासरी दर ३२.६६ टक्के होता. पाहणीतल्या दुकानी कार्डांपैकी ९० टक्के कार्डांचा कमाल दर तिशीच्या वर होता. इतकं व्याज कायद्यात बसतं कसं, असं एका वाचकाने मागे विचारलं होतं, त्याचं उत्तरही इथेच देते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्केट (Marquette) नॅशनल बँक विरुद्ध फर्स्ट ऑफ ओमाहा या खटल्यात ठरवलं, की राष्ट्रीय बँक आपल्या मुख्यालयाच्या राज्यातला दर दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकालाही लावू शकते. मिनेसोटात मर्यादा १२ टक्के होती, नेब्रास्कातली बँक १८ लावत होती, बँक जिंकली. मग १९८० मध्ये साउथ डकोटाने व्याजावरची मर्यादाच काढली आणि सिटीबँकेने आपला कार्डांचा कारभार तिकडे सू फॉल्सला नेला. तेव्हापासून आपण कुठल्या राज्यात राहतो, याला या बाबतीत फारसा अर्थ उरलेला नाही.

वीस टक्क्यांचंही गणित सांगते. १५० डॉलरांच्या कपड्यांवर ३० डॉलर वाचतात. एकदा बिल भरायला उशीर झाला की दंड सुमारे तीसच डॉलरांचा. हा दंड ८ डॉलरांवर आणणारा नियम २०२४ मध्ये झाला होता, तो एप्रिल २०२५ मध्ये कोर्टात रद्द झाला. तुम्हाला कधी उशीर झाला नसेल. पण पाच दुकानांची पाच कार्डं म्हणजे पाच वेगवेगळ्या तारखा, आणि आजारपण, भारतात जाणं, ईमेल बदलणं या गोष्टी शिस्तीच्या माणसांच्याही घरात घडतात.

नव्याने आलेल्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथे तुमची काळजी खरी आहे आणि माझीही. माझा भाचा एमएसला आला तेव्हा त्याच्याकडे क्रेडिटचा काहीच इतिहास नव्हता. मॉलमध्ये त्याला ५०० डॉलर मर्यादेचं कार्ड मिळालं. थंडी आली, ३०० डॉलरांचं जाकीट घेतलं, आणि मर्यादेच्या ६० टक्के एका फटक्यात वापरले गेले. फायको स्कोअर म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवरून दिलेली पत, तीत ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला आहे, पण देणं किती आहे याला ३० टक्के आहे. त्यामुळे त्याने एकही बिल चुकवलं नाही तरी स्कोअर खाली आला. शिवाय कार्डासाठी अर्ज केला की बँक जी चौकशी करते, तिची नोंद क्रेडिट अहवालावर दोन वर्षं राहते. मुलांना मी आता सांगते, बँकेत दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड घ्या. ते कुठल्याही दुकानात चालतं, त्यावर फोनचं बिल लावा, पूर्ण भरा, काही महिन्यांनी साधं कार्ड मागा. इथे विश्वासाचे नातेवाईक असतील तर त्यांच्या कार्डावर ऑथोराइज्ड युजर (ते कार्ड वापरायची परवानगी असलेली व्यक्ती) म्हणून नाव घालून घ्या. रस्ता बंद केलेला नाही, दुसरा दाखवतेय.

आता तुमची गादी. बिलावर मुदत संपायची तारीख छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ती आज रात्रीच शोधा. ती तारीख आणि हप्ता भरायची शेवटची तारीख एकच असेल असं समजू नका. बऱ्याचदा मुदत आधी संपते. बाकीची रक्कम दुकानाच्या पावतीवरून नको, बिलावरून घ्या, म्हणजे टॅक्स आणि घरपोच आणल्याचे पैसे त्यात येतील. तिला १८ ने नको, १६ ने भागा. बिलावरची किमान रक्कम भरत राहिलात तर मुदतीत गादी फिटेलच असं नाही. त्याच कार्डावर मध्ये दुसरं काही घेऊ नका, कारण किमान रकमेहून जास्त भरलेले पैसे आधी जास्त दराच्या बाकीकडे वळतात आणि गादीची बाकी तशीच राहते. फक्त मुदत संपण्याआधीच्या दोन बिलांत ते आधी गादीकडे वळवणं बँकेला भाग असतं. आणि शेवटचा हप्ता भरल्यावर फोन करून बाकी शून्य झाली का, ते विचारा. मला तेव्हा तो एक फोन सुचला नाही. तुमची बाकी शून्य झाली की इथे येऊन नक्की कळवा, मी वाट बघते.