पॅसिफिकमधलं ‘प्लास्टिकचं बेट’: खुलासा

‘पॅसिफिक महासागरात प्लास्टिकचं बेट तयार झालंय, त्यावर माणूस चालू शकतो, उपग्रहातूनही दिसतं,’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. कळकळीने पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण माहिती चुकीची आहे.

हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधे कचरा साचलेला पट्टा आहे, हे खरं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं क्षेत्रफळ सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट, आणि प्लास्टिक सुमारे ७९ हजार टन असल्याचा अंदाज आहे. भागाकार करून बघा: चौरस किलोमीटरला जेमतेम ५० किलो. त्यावर चालणार कसं? बोटीतून जाताना तिथे बहुतेक वेळा निळं पाणीच दिसतं. बारीक जाळी ओढून वर घेतली की तळाशी पांढरे-निळे कण चिकटलेले सापडतात, कुणाच्या तरी बादलीचे, बाटलीच्या झाकणाचे. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, लाटांनी तुटतं, पण संपत नाही.

वजनात मोठा वाटा मासेमारीच्या टाकून दिलेल्या जाळ्यांचा. नगांच्या हिशेबात मात्र ९४ टक्के तुकडे ५ मिलिमीटरहून लहान!

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. बेट असतं तर जहाजं नेऊन उचलता आलं असतं. हे कण प्लवकांच्याच, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्याच, आकाराचे. ते वेगळे काढायला जावं तर प्लवकही जाळीत येतात. मासे आणि समुद्रपक्षी ते अन्न समजून गिळतात, पोट भरल्यासारखं होतं आणि पोषण काहीच मिळत नाही.