आधी भोक, मग आकार

नमस्कार,

तंबाखू ओढायचा लाकडी पाइप घरी हाताने कसा केला, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातली एक गोष्ट पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेथ (लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) नसेल तर पाइपची भोकं एका रेषेत येणं शक्य नाही; घरचं शिसव सोडून ब्रायर या परदेशी लाकडाचे लाड कशाला; आणि ‘सगळं हाताने केलं’ ही निव्वळ बढाई आहे.

तिसरा मुद्दा मान्य. तोंडात धरायची एबोनाइटची (कडक रबराची) नळी मी तयार आणली आणि तिचं टोक कानशीने घासून बसवलं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

भोकांचं मात्र पटत नाही. लेथवाल्यांचा मान मोठाच. फ्रान्समधल्या सँ-क्लोदला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप होऊ लागले, ते लोकही मुळात कातारीच, म्हणजे लेथवर लाकूड कातणारे. पण माझ्याकडे आहे ठोकळा घट्ट धरायचा एक शेगडा, एक हातड्रिल आणि काटकोन बघायचा गुण्या. मग करायचं काय, तर ठोकळा चौकोनी आहे तोवरच सगळी भोकं पाडून घ्यायची. चौकोनी ठोकळ्याला बाजू असतात, त्यांवर रेघ मारता येते, शेगड्यात तो हलत नाही. एकदा का गोलाई दिली की गुण्या लावणार कुठे? माझे पहिले दोन ठोकळे याच घाईत सरपणात गेले.

क्रमही महत्त्वाचा. आधी नळी बसायचं ८ मिमीचं भोक, साधारण २० मिमी खोल. ड्रिलच्या त्या बिटच्या (भोक पाडणाऱ्या पात्याच्या) टोकाने तळाशी शंकूसारखा खळगा उरतो. धुराच्या वाटेचा ४ मिमीचा लांब बिट त्या खळग्यात आपोआप मधोमध बसतो, लेथ लागत नाही. मग वरून तंबाखूची वाटी: १९ मिमीचा चपटा बिट, ग्राइंडरवर कोपरे गोल केलेला. धुराची वाट वाटीच्या अगदी तळाशी उघडली पाहिजे. ती वर उघडली तर तळातला तंबाखू जळतच नाही, ओला गाळ होऊन बसतो. आणि नळीचं टोक ८ मिमीच्या भोकात पूर्ण टेकलं नाही तर त्या फटीत पाणी साचून पाइप गुरगुरतो. तुमच्या पाइपमधून गुडगुडीसारखा आवाज येतो असं तुम्हीच लिहिलंय, तर आधी तिथे बघा.

शिसवाबद्दल. त्याची धूळ काहींच्या अंगावर पुरळ उठवते, श्वासालाही त्रास देते. ज्यातून गरम धूर ओढायचा त्या वस्तूला मी ते लाकूड वापरणार नाही. ब्रायर ही भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती तासन्‌तास उकळून कित्येक महिने सुकवतात, म्हणून ती सहसा तडकत नाही; आणि मुळातच ती सहजासहजी जळत नाही. ब्रायर परवडत नसेल तर चेरी किंवा ऑलिव्ह चालतं, फक्त वाटीची भिंत जाड ठेवा. अमेरिकेत मिसुरीच्या वॉशिंग्टन गावी तर १८६९ पासून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाइप होतात.

वार्निश मारलं नाही म्हणून पाइप कच्चा दिसतो हेही तुम्ही जाता जाता म्हणालात. उष्णतेने वार्निशला फोड येतात. कार्नोबा मेण लावून कापडाने घासलं की झालं.

आता मला सांगा, वाकडा पाइप तुम्ही लेथवर धरता कसा? मित्राच्या लेथवर एकदा प्रयत्न केला तेव्हा माझं तिथेच अडलं होतं.